संयुक्त पदवीच्या बाजूने

दोन वर्षं पुण्यात, पुढचं वर्ष-दीड वर्ष मिलान, ग्लासगो नाहीतर मेलबर्नमध्ये, आणि शेवटी व्यवस्थापनाच्या पदवीवर दोन विद्यापीठांच्या सह्या. या व्यवस्थेबद्दल आपल्याकडे दोन सूर कानावर येतात. प्राध्यापकांच्या खोलीत म्हणतात, ही दुधाची तहान ताकावर भागवणं आहे. ज्याला तिकडे पुरा प्रवेश मिळत नाही किंवा परवडत नाही, तो अर्धा घेतो. तारांकित हॉटेलांत भरणाऱ्या शिक्षण मेळाव्यांत सांगतात, निम्म्या पैशांत तीच पदवी, तोच व्हिसा, तीच नोकरी. पहिला सूर अडाणी आहे, दुसरा लबाड. मला राग दुसऱ्याचा जास्त येतो, कारण त्याच्या लबाडीवरच पहिल्याचं अज्ञान पोसलं जातं.

आधी ताकाचं पाहू. पॅरिसची एचईसी, मिलानची बोक्कोनी, बार्सिलोनाची एसाडे आणि कलोन विद्यापीठ ही युरोपातली चार बडी नावं १९८८ मध्ये एकत्र आली आणि त्यांनी ‘सेम्स’ नावाचं जाळं विणलं. विद्यार्थ्याने एक सत्र आपल्या संस्थेत काढायचं, एक दुसऱ्या देशातल्या संस्थेत, शिवाय परदेशात इंटर्नशिप करायची. आज कोलकात्याचं आयआयएमही या जाळ्यात आहे. २००१ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठाचं स्टर्न, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि एचईसी यांनी मिळून ‘ट्रायम’ हा एक्झिक्युटिव्ह एमबीए सुरू केला. पदवी एकच, देणारे तिघं. या मंडळींना स्वतःच्या नावावर विद्यार्थी मिळत नव्हते म्हणून त्यांनी भागीदार शोधले, असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्यांनी हा उद्योग केला, कारण एकाच बाजारपेठेत शिकलेला व्यवस्थापक दुसऱ्या बाजारपेठेत चाचपडतो, हे त्यांना दिसत होतं.

आणि इथे व्यवस्थापन हा विषय इतर विषयांहून वेगळा पडतो. उष्मागतिकीचा दुसरा नियम चाकणला आणि श्टुटगार्टला सारखाच लागू होतो. कामगारांशी बोलणी करण्याचा नियम मात्र तसा नाही. जर्मनीत १९७६ च्या कायद्याप्रमाणे दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्मे सदस्य कामगारांचे असतात. बरोबरी झाली तर अध्यक्षाला जादा मत, आणि अध्यक्ष सहसा भागधारकांच्या बाजूचा. म्हणजे कारखाना दुसऱ्या देशात हलवायचा की नाही याची चर्चा होते, तेव्हा कामगार दारात घोषणा देत नसतो, टेबलाशी कागद घेऊन बसलेला असतो. चाकणच्या एमआयडीसीत जर्मन कंपन्या आहेत. त्यांच्या गेटवरच्या युनियनच्या सभा पाहिलेला आपला मुलगा जर्मनीत एक सत्र काढतो, तेव्हा त्याला कळतं की त्याच कंपनीचा मालक तिकडे वेगळ्या आवाजात बोलतो. पुस्तकात हे अर्ध्या पानात उरकतं. देवाणघेवाण उलटही होते. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं. ते प्रत्यक्षात कसं होतं, कुठे शाळेला बाक मिळतात आणि कुठे नुसते फोटो निघतात, हे युरोपातल्या वर्गात आपल्या विद्यार्थ्याइतकं कोण सांगणार?

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. इथे उत्तम संस्था असताना परक्या विद्यापीठाची सही कशाला, हा निव्वळ न्यूनगंड नव्हे का? असा प्रश्न विचारणाऱ्यांना इतिहासाची आठवण करून द्यावी लागते. ज्या जमनालाल बजाज संस्थेत मुलाचा नंबर लागला की आपण सोसायटीत पेढे वाटतो, ती मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने उभी केली. अहमदाबादच्या आयआयएमची घडण हार्वर्डच्या हातून झाली, कोलकात्याची एमआयटीच्या. परदेशाशी हातमिळवणी करण्याचा आपला अनुभव साठ वर्षांचा आहे आणि तो चांगला आहे. चांगला का, तर त्या करारांतून आपल्याकडे शिक्षक आले, शिकवण्याची पद्धत आली, खऱ्या कंपनीचं खरं प्रकरण वर्गात मांडून त्यावर वाद घालायची सवय आली. नुसतं बोधचिन्ह आलं नाही. आजच्या करारांना हीच कसोटी लावावी, आणि न्यूनगंडाचा प्रश्न तिथे मिटवावा.

आता मेळाव्यातल्या विक्रेत्याकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये जे नियम काढले त्यांत तीन वेगळे प्रकार आहेत, आणि विक्रेता तिन्ही एकाच टोपलीत टाकतो. ट्विनिंगमध्ये तीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशात मिळवायचे, पण पदवी भारतीय संस्थेचीच. संयुक्त पदवीत दोन्हीकडे किमान तीस-तीस टक्के, आणि एकाच प्रमाणपत्रावर दोघांची मुद्रा. दुहेरी पदवीत दोन्ही विद्यापीठं आपापली पदवी देतात, आणि त्यासाठी प्रवेशाच्या अटी दोन्हीकडच्या पुऱ्या कराव्या लागतात. एका खासगी संस्थेचं माहितीपत्रक माझ्यासमोर आहे. मुखपृष्ठावर मनोऱ्याची दगडी इमारत, हिरवळीवर बसलेली गोरी मुलं, वर मोठ्या अक्षरांत ‘परदेशी पदवी’. शेवटच्या पानावर, फीच्या तक्त्याखाली, मुंगीएवढ्या टाइपात लिहिलंय की पदवी भारतीय विद्यापीठाकडून दिली जाईल. म्हणजे हे ट्विनिंग. त्यात वाईट काही नाही. पण मग तसं सांगा ना! मुखपृष्ठाचे पैसे घेऊन शेवटचं पान विकणं याला व्यवस्थापनशास्त्रात काय म्हणतात, हे त्यांच्याच पहिल्या सत्राच्या विद्यार्थ्याला विचारावं.

ही झाली सभ्य लबाडी. असभ्य लबाडी फ्रँचायझीची. कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचा अभ्यासक्रम भाड्याने घ्यायचा, शिकवायचं स्वतः, तपासायचं स्वतः, आणि पदवी तिकडची वाटायची. २०२२ चे नियम याला सरळ मनाई करतात. तरीही धंदा चालू राहिला म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाला जाहीर इशारा द्यावा लागला, की मान्यता नसलेल्या परदेशी विद्यापीठांशी परस्पर हातमिळवणी करून कॉलेजं आणि एडटेक कंपन्या देत असलेल्या पदव्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत. हा आजार फक्त आपला आहे असंही नाही. कॅनडात सरकारी कॉलेजांचा अभ्यासक्रम परवान्यावर घेऊन खासगी कॉलेजं चालवत होती, आणि तिथे आपली पंजाबी-गुजराती-मराठी मुलं दाटीवाटीने बसत होती. मे २०२४ पासून अशा अभ्यासक्रमांत नव्याने दाखल होणाऱ्यांना शिक्षणानंतरचा वर्क परमिट बंद झाला.

व्हिसाचं तर कुणी नीट सांगतच नाही. ऑस्ट्रेलियात पदवीनंतर काम करण्याचा व्हिसा हवा तर तिथे ब्याण्णव आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि किमान सोळा महिने प्रत्यक्ष शिक्षण लागतं. दोन वर्षं इथे आणि एक वर्ष मेलबर्नला काढणाऱ्याचं हे गणित जमतच नाही, पदवी कितीही अस्सल असली तरी. ब्रिटनमध्ये अभ्यासक्रम बारा महिन्यांहून मोठा असेल तर किमान बारा महिने तिथे राहून शिकावं लागतं, आणि जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळणार आहेत. नोकरीसाठी तिकडे राहायचं हाच हेतू असेल, तर संयुक्त अभ्यासक्रम बहुतेकांच्या कामाचा नाही. असं स्पष्ट सांगितलं तर मेळाव्यातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील. होऊ द्याव्यात.

मग उरतो कोण? ज्याला परत येऊन इथेच काहीतरी उभं करायचंय, किंवा इथल्या नि तिथल्या बाजारात ये-जा करायचीय, तो. त्याच्यासाठी ही वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते, आणि यात पैशाचा हिशेबही आला. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज गेलं की बँक सहसा तारण मागते, आणि मध्यमवर्गीय घरात तारण म्हणजे राहता फ्लॅट नाहीतर गावाकडची जमीन. जर्मनीत सरकारी विद्यापीठाला बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, तरी वर्षाच्या खर्चापोटी बारा हजारांच्या आसपास युरो खात्यात गोठवून दाखवावे लागतात. अठराव्या वर्षी मुलाला ताळेबंद आवडतो की नाही हे ना त्याला माहीत असतं, ना बापाला. पहिली दोन वर्षं इथे काढली तर ते फ्लॅट गहाण पडायच्या आधी कळतं. आयोगाच्या नियमांत मध्येच बाहेर पडणाऱ्याच्या क्रेडिटचं काय होणार हे आधी ठरवायचं बंधन आहे. ते कलम करारात शोधून वाचावं, मनोऱ्याचा फोटो नंतर पाहावा. हुशार आणि गरीब विद्यार्थ्याने तर युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांकडे आधी पाहावं. किमान दोन देशांत शिक्षण आणि महिन्याला १,४०० युरोंची शिष्यवृत्ती, आणि ती मिळवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी वर्षानुवर्षं आघाडीवर आहेत. तिथे कुणी ताक म्हणत नाही.

एक तक्रार मात्र मी खोडणार नाही. हे सारं पुण्या-मुंबईच्या खासगी विद्यापीठांतल्या, फीचा आकडा ऐकून न दचकणाऱ्या घरांपुरतं राहतंय. पण त्याचं कारण नियमांत नाही. परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत हवी, आणि भारतीय संस्थेला नॅक या मूल्यांकन परिषदेचं गुणांकन किमान ३.०१ असलं तरी पुरतं. मुंबई विद्यापीठाला २०२१ मध्ये ३.६५ मिळालं, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला त्याच वर्षी ३.५२. दार उघडं असून आपली सरकारी विद्यापीठं उंबऱ्यावर उभी आहेत.

आणि कोल्हापूरला तर भागीदार शोधायला फार लांब बघायचंही कारण नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने जी चप्पल दाखवली ती कोल्हापुरी होती, हे इथल्या शेंबड्या पोरानेही ओळखलं. कान, वेणी, सगळं. आरडाओरडा झाला, कंपनीने प्रेरणा कबूल केली, तिची माणसं कोल्हापूरला येऊन गेली, आणि डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम नि कर्नाटकचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. पण कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन तर २०१९ मध्येच मिळालं होतं! ते मानांकन देशाच्या हद्दीबाहेर आपोआप चालत नाही, एवढी साधी गोष्ट बहुतेकांना तेव्हा पहिल्यांदा कळली. युरोपीय संघाने हस्तकलेच्या वस्तूंसाठी वेगळी नोंदणी १ डिसेंबर २०२५ पासून सुरू केलीय आणि बाहेरच्या देशांतल्या उत्पादकांनाही तिथे अर्ज करता येतो. तो अर्ज कसा लिहायचा, इटलीतला घाऊक खरेदीदार किती टक्के नफा ठेवतो, परत आलेल्या मालाचं काय करतात, हे ज्याला येतं आणि ज्याला कापशी चपलेची वेणी कोण विणतं हेही माहीत आहे, असा पदवीधर आज ना कोल्हापुरात तयार होतो, ना मिलानला.

तो घडवायला कोल्हापूर-मिलानची संयुक्त पदवी हवी. चार वर्षांच्या पदवीला १६० क्रेडिट लागतात. त्यातले तीस टक्के, म्हणजे ४८, मिलानला ठेवले तरी तिकडे वर्षाहून थोडा जास्त काळ लागेल. प्रश्नपत्रिका दोघांनी मिळून काढाव्यात, प्रकल्पाचे परीक्षक दोन्हीकडचे असावेत, एवढं झालं तर पदवीवरची दुसरी सही शोभेची राहणार नाही. शिवाजी विद्यापीठाने असा करार करायला बसावं तेव्हा आणखी एका कलमाचा आग्रह धरावा: मिलानच्या विद्यार्थ्यांनीही एक सत्र कोल्हापुरात काढायचं, आणि त्याची फी युरोत भरायची.