अकरा महिन्यांच्या करारावरची माणसे

स्वारगेट ते कात्रज या भुयारी मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मान्यता दिली. लांबी 5.46 किलोमीटर, खर्च 2,954 कोटी रुपये, मुदत फेब्रुवारी 2029. पुढच्याच महिन्यात न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि त्याच दिवशी कात्रजच्या मार्गाचे भूमिपूजनही उरकले. ही मेट्रो हवीच आहे. कात्रज, धनकवडी, बिबवेवाडीतून रोज शहरात येणाऱ्या माणसाचे सातारा रस्त्यावर जे हाल होतात, ते पाहणारा कोणीही तिला विरोध करणार नाही. पण या साडेपाच किलोमीटरच्या दोन्ही अंगांना जी माणसे भाड्याने राहतात, भाड्याच्या गाळ्यात धंदा करतात किंवा पदपथावर पथारी लावतात, त्यांची नोंद करून त्यांना संरक्षण देण्याची तरतूद या प्रकल्पात आज नाही. खोदकाम वेगात आले की ती व्हायचीही नाही. म्हणून हे आत्ताच बोलायला हवे.

‘भुयारी’ म्हटले की लोक निर्धास्त होतात. बोगदा यंत्राने खालून जातो हे खरे. स्थानक मात्र वरूनच खणावे लागते. त्यासाठी रस्ता अडतो, पत्रे उभे राहतात, जलवाहिन्या आणि सांडपाण्याच्या नळ्या हलवाव्या लागतात, बसथांबे सरकतात, गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा राहत नाही. मंडईने आणि बुधवार पेठेने हे काही वर्षे सोसले. सातारा रस्त्यावर सुरुवातीला तीनच स्थानके होती: मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज. स्थानिकांनी मागणी लावून धरल्यावर राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2025 मध्ये बिबवेवाडी आणि बालाजीनगर ही दोन वाढवली. योग्य निर्णय झाला. पण स्थानके पाच म्हणजे खड्डेही पाच, आणि तेही अशा रस्त्यावर, जिथे 2006 च्या अखेरीस देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग झाला आणि तेव्हापासून ज्याची मोडतोड पुरती कधी थांबलीच नाही.

या रस्त्याच्या आडोशाला कोण जगते? मार्केट यार्डातले हमाल, तोलणार, टेम्पोवाले. त्यांना पहाटे चहा-पोहे देणाऱ्या हातगाड्या. अप्पर इंदिरानगरातून धुण्याभांड्याच्या कामाला सहकारनगर गाठणाऱ्या बायका. धनकवडीच्या गावठाणात आणि कात्रजच्या चढावर कॉट बेसिसवर राहणारी, आसपासच्या महाविद्यालयांत शिकणारी मुले, आणि त्यांच्यावर चालणाऱ्या खानावळी, झेरॉक्सची दुकाने, पंक्चरवाले. यांतल्या बहुतेकांच्या हाती अकरा महिन्यांचा करार असतो, पुष्कळदा तोही नसतो. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डाची तर गोष्टच नको.

खरी गोम इथेच आहे. ज्याची जागा संपादनात जाते, तो कायद्याच्या भाषेत बाधित ठरतो आणि त्याला मोबदला मिळतो. ज्याची जागा जात नाही, पण दुकानासमोर दोन-तीन वर्षे पत्रे उभे राहतात, तो कोणाच्याच यादीत नसतो. त्याचा गाळा शाबूत असतो, धंदा मात्र बुडतो. भाडे, वीजबिल आणि कर्जाचा हप्ता त्याला चुकत नाही. आता 2013 च्या भूसंपादन कायद्याने प्रकल्पाआधी सामाजिक परिणामांचे मूल्यांकन बंधनकारक केले, हे खरे. पण 1978 च्या मेट्रो कायद्याखालचे संपादन त्या अटीतून वगळले. म्हणजे मेट्रोमुळे वस्तीचे काय होईल, हे आधी मोजण्याची कायदेशीर सक्तीच उरलेली नाही. सक्ती नाही म्हणून गरज संपत नाही.

गाळा शाबूत राहून धंदा बुडणे म्हणजे काय, हे टोरांटोने पाहिले. तिथल्या एग्लिंटन रस्त्यावर 19 किलोमीटरची लाइट रेल बांधायला 2011 मध्ये सुरुवात झाली. मधला मोठा भाग भुयारी आहे. 2020 ला धावायची ती गाडी 2025 सरले तरी धावली नव्हती. त्या रस्त्याच्या पश्चिम भागात, ‘लिटल जमैका’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत, कॅरिबियन स्थलांतरितांची केशकर्तनालये, खाद्यगृहे, गाण्यांच्या तबकड्यांची दुकाने होती. कुंपणांमागे त्यांतली एकामागून एक बंद पडली. मदत आली, पण उशिरा आणि तुटपुंजी. जे दुकानदार त्या गाडीची वाट पाहत होते, त्यांतल्या कितीतरी जणांचे दुकान ती येईपर्यंत टिकले नाही.

जे टिकतील, त्यांच्यापुढे दुसरे संकट आहे, आणि ते काम संपल्यावर सुरू होते. पुण्यात मेट्रो स्थानकापासून पाचशे मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय मिळू शकतो. जुन्या सोसायट्यांना पुनर्विकासाचे वेध त्यामुळेच लागले आहेत. सभासदाला मोठा फ्लॅट मिळेल, बिल्डरला विकायला मजले मिळतील, महापालिकेला प्रीमियम मिळेल. तळमजल्यावरचा शिंपी, जिन्याखालचा इस्त्रीवाला आणि दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू यांना मिळेल ती खोली रिकामी करण्याची नोटीस. भाडे वाढले की आंबेगाव, मग मांगडेवाडी, मग घाटापलीकडे, असे हे लोक ढकलले जातील. मेट्रो ज्यांना सगळ्यात उपयोगी, तेच तिच्यापासून दूर जातील, आणि स्थानकाच्या अंगणात ज्यांच्या दारात दोन मोटारी आहेत ते राहायला येतील. प्रवासी मिळत नाहीत म्हणून मग खेद व्यक्त केला जाईल. हे धोरणाचे अपयश ठरेल आणि त्याची किंमत पुढची पन्नास वर्षे मोजावी लागेल.

आधी बोलले तर फरक पडतो, याचे पुरावे जवळच आहेत. कसबा पेठेत रहिवासी वेळेत उभे राहिले, स्थानकाची जागा हलली आणि अनेकांची घरे वाचली. मुंबईत गिरगाव-काळबादेवीच्या पागडीवाल्या रहिवाशांनी भांडून त्याच भागात पुनर्वसनाचा शब्द मिळवला. त्यांच्या पाठीशी भाडे नियंत्रण कायदा होता. शिवाजीनगर न्यायालयाजवळच्या कामगार पुतळा वसाहतीच्या पाठीशी असे काही नव्हते. तिथल्या कुटुंबांसाठी विमाननगर, हडपसरकडच्या पुनर्वसन इमारती ठरल्या. पक्के घर मिळणे ही लहान गोष्ट नाही. पण चालत जाण्याच्या अंतरावरची कामे, मुलांची शाळा आणि अडीनडीला धावून येणारे शेजारी त्या घरासोबत मिळत नाहीत. आणि आधी न बोलता बुलडोझर नेला की काय होते, हेही शहराला ठाऊक आहे. जून 2021 मध्ये दांडेकर पुलाजवळ आंबिल ओढ्याच्या काठची घरे ऐन पावसात पाडली गेली आणि त्याच दिवशी न्यायालयाला स्थगिती द्यावी लागली.

या विस्ताराची मान्यता, भूमिपूजन आणि स्थानकवाढ असे सगळे मोठे निर्णय झाले, तेव्हा पुण्यात लोकनियुक्त सभागृहच नव्हते. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाच्या हाती होता. प्रभागातला माणूस आपले म्हणणे मांडायला जाणार कुठे? आता नगरसेवक आहेत. पाचही स्थानकांच्या पाचशे मीटरच्या परिघातले भाडेकरू, गाळेधारक आणि पथारीवाले यांची घरोघरी, दारोदारी नोंदणी करण्याचा ठराव त्यांनी आधी करावा. फेरीवाल्यांसाठी यात नवे काही मागायचेही नाही: 2014 चा कायदा सांगतो की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला हटवता येत नाही. तो पाळला जावा, एवढेच.

पैशाचा प्रश्न काढला जाईल. पैसा आहे. एप्रिल 2022 पासून पुण्यात मालमत्ता खरेदीवर एक टक्का मेट्रो अधिभार वसूल होतो. वाढीव एफएसआयचे प्रीमियम वेगळेच. ज्या जमिनीचे मोल मेट्रोने वाढते, त्या वाढीतला ठरावीक वाटा तिथल्याच माणसांसाठी राखून ठेवता येतो. पत्रे उभे असतील तितके महिने बंद पडू पाहणाऱ्या दुकानाला भरपाई, मिळकतकरात सूट, आणि पुनर्विकासात जुन्या भाडेकरूला परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्यांचा सक्तीचा हिस्सा, एवढे त्यातून नक्की होईल. ठेकेदाराच्या करारात प्रत्येक स्थानकाचा रस्ता किती दिवसांत मोकळा करायचा ते लिहावे, उशीर झाला तर दंड लावावा, आणि तो दंड त्याच रस्त्यावरच्या दुकानदारांना मिळावा.

आणखी एक. चांदणी चौक असो, वाघोली असो वा खडकवासला, पुण्याच्या चारही दिशांना मेट्रोचे नवे फाटे मंजूर झाले आहेत. कात्रजच्या मार्गावर जी पद्धत पडेल, तीच पुढे सगळीकडे चालेल. नोंदणीचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत आला पाहिजे, आणि तो मंजूर होऊन याद्या क्षेत्रीय कार्यालयांच्या फलकांवर लागेपर्यंत पद्मावतीपासून बालाजीनगरापर्यंत कुठेही नवा पत्रा ठोकला जाऊ नये.