'नीट'चा दुसरा प्रयत्न : आधी नकाराचे निदान

मुळशीच्या खाचरांत भातलावणीची लगबग सुरू होते, त्याच सुमारास 'नीट'चा निकाल लागतो. 2025चा निकाल 14 जूनला लागला. प्रवेशाच्या फेऱ्या मात्र भात कापणीला येईपर्यंत चालतात. या काळात पौड, पिरंगुट, कोळवण, माले भागातल्या ज्या घरांतून मुलाने किंवा मुलीने परीक्षा दिलेली असते, तिथे एकच विषय असतो. नंबर लागला नाही, आता पुन्हा बसायचे की नाही?

उत्तर शोधण्याआधी आकडे पाहावेत. 2025 मध्ये सुमारे 22 लाख विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली. त्यांपैकी 12 लाख 36 हजार पात्र ठरले. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत आहेत. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा जणांमागे जागा साधारण एक. 'पात्र' या शब्दाचा अर्थ रांगेत उभे राहण्याची परवानगी, एवढाच आहे. पहिल्या वर्षी प्रवेश हुकला म्हणून मूल कच्चे ठरत नाही.

नियमांची आडकाठीही नाही. परीक्षा किती वेळा द्यावी यावर बंधन नाही आणि 25 वर्षांची वयोमर्यादा 2022 मध्ये हटवण्यात आली. पण दार कायम उघडे असल्यामुळेच किती वेळा ठोठावायचे हे आपले आपण ठरवावे लागते. ताप आला की आधी कारण शोधायचे, मग औषध द्यायचे. इथेही तेच करावे लागते. प्रवेश हुकण्याची कारणे मुख्यतः तीन असतात आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिले कारण म्हणजे गुण कमी पडणे. इथे गुणांपेक्षा क्रमांक पाहायला हवा. 2024 मध्ये 600च्या वर गुण मिळवणारे सुमारे 80 हजार होते. 2025 मध्ये पेपर कठीण निघाला आणि ही संख्या दीड हजाराच्याही आत आली. त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नात गुण घटूनही क्रमांक सुधारलेला असू शकतो. निव्वळ गुण पाहून 'मागच्यापेक्षा खाली गेला' असे म्हणणे अन्यायाचे आहे. परीक्षाही बदलते. 2024पर्यंत 200 मिनिटे होती आणि 200 पैकी 180 प्रश्न सोडवायचे होते. 2025 मध्ये ही निवडीची सवलत गेली आणि 180 प्रश्नांना 180 मिनिटे उरली. 2024च्या परीक्षेसाठी अभ्यासक्रमातही कपात झाली होती. जुन्याच वह्या पुन्हा घोकणाऱ्याला हे बदल भोवतात.

उपयोगी पडते ती चुकांची वही. चुकलेला प्रश्न येतच नव्हता, येत असून विसरला, की घाईत चुकला, याची वेगळी नोंद ठेवावी. बरोबर उत्तराला चार गुण आहेत, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. घाईतल्या वीस चुका टाळल्या तर शंभर गुणांचा फरक पडतो आणि त्यासाठी नवा धडा शिकावा लागत नाही.

दुसरे कारण पसंतीक्रमाचे. गुण असूनही अर्ज चुकतो. सरकारी महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा केंद्रीय समिती भरते, तर 85 टक्के राज्याचा सीईटी कक्ष. दोन्हीकडे नोंदणी वेगवेगळी करावी लागते. मुळशीतच लवळे येथे मुलींचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण ते अभिमत विद्यापीठाचे असल्याने तिथले प्रवेश केंद्रीय समितीमार्फत देशपातळीवर होतात. तालुक्यात राहण्याचा तिथे फायदा नाही आणि अभिमत महाविद्यालयांची फी साध्या शेतकरी कुटुंबाच्या आवाक्यातली नसते. याउलट ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात दहा नव्या सरकारी महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा ही त्यांतली काही. यादीत फक्त पुणे-मुंबई लिहिणाऱ्याला हीच जागा हुलकावणी देते. अशा विद्यार्थ्याला आणखी एक वर्ष नको असते. त्याला यादी नीट भरून देणारे कोणीतरी हवे असते.

तिसरे कारण कागदपत्रांचे. राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. शिकवणीसाठी अकरावीलाच कोट्याला जाऊन तिथूनच बारावी केलेल्या विद्यार्थ्याचा हा हक्क जाऊ शकतो. राखीव जागांसाठी जात पडताळणी आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेळेत हवे. मुळशीतल्या कातकरी, महादेव कोळी कुटुंबांसाठी हा मुद्दा कळीचा आहे. आजोबांच्या काळातला दाखला शोधण्यात महिने जातात. ते काम निकालानंतर नव्हे, अकरावीतच सुरू व्हायला हवे.

तिन्ही कारणे तपासून पुन्हा बसायचे ठरले, तर प्रकृतीचाही हिशेब मांडायला हवा. या वर्षात शाळा नसते, सोबती पुढे गेलेले असतात आणि दिवस एका खोलीत जातो. झोप उडणे, जेवण तुटणे, वजन उतरणे, माणसांत येणे टाळणे, 'माझ्यामुळे घराचे पैसे गेले' असे वारंवार म्हणणे ही आळसाची लक्षणे नव्हेत. ती दिसली की डॉक्टरांकडे जावे. टेलि-मानसची 14416 ही मोफत सेवा मराठीतही आहे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे कधीही थट्टेवारी नेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी शिक्षणसंस्था आणि शिकवणी वर्गांसाठी 15 मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा, गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, असे त्यांत आहे. वर्गाची फी भरण्याआधी पालकांनी समुपदेशक कोण, हे विचारावे.

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. 1878 मध्ये गोपाळरावांनी कोल्हापूरहून एका अमेरिकी मिशनऱ्याकडे मदत मागितली. उत्तरात धर्मांतराची अपेक्षा आली आणि ती वाट बंद झाली. पण तो पत्रव्यवहार छापला गेला, न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि दुसरी वाट निघाली. 1883 मध्ये आनंदीबाई पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांना यश मिळाले ते जुन्याच दारावर पुन्हा धडका देऊन नव्हे.

म्हणून दुसऱ्या प्रयत्नाआधी घरात बसून दोन गोष्टी कागदावर लिहाव्यात. या वेळी नेमके काय वेगळे करणार? आणि नाही जमले तर पुढच्या जूनमध्ये काय? बीएएमएस, दंतवैद्यक, पशुवैद्यक यांचे प्रवेश 'नीट'वरूनच होतात, नर्सिंगसाठी वेगळी सीईटी आहे. ग्रामीण रुग्णालयात आलेल्या रुग्णाला डॉक्टरइतकीच चांगल्या परिचारिकेची गरज असते. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर दुसरे वर्ष पहिल्यासारखेच जाईल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तयार असेल, तर मूल निम्म्या भीतीने परीक्षेला बसेल.