नातवंडांचा संगणक आणि आजी-आजोबांचे कान

“रात्रभर खोलीतला दिवा जळत असतो. अभ्यास करतो की खेळत बसतो, काही कळायला मार्ग नाही.” घरातील मुलगा वा मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या पदवीसाठी शिकत असेल, तर तेथील ज्येष्ठांच्या तोंडी हे वाक्य हमखास असते. दवाखान्यात ते येतात स्वतःच्या गुडघ्यांसाठी वा रक्तदाबासाठी. बोलतात मात्र नातवंडांविषयी. ही काळजी अनाठायी नाही. परंतु ती योग्य जागी लागावी, यासाठी त्या चार वर्षांत नेमके काय घडते याची थोडी ओळख हवी.

अभ्यास कशाचा?

‘संगणक शिकणे’ म्हणजे संगणक चालवायला शिकणे, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. चार वर्षे, आठ सत्रे असा हा अभ्यासक्रम असतो. पहिले वर्ष बहुतांशी सर्व शाखांना समान असते. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, विद्युत अभियांत्रिकीची मूलतत्त्वे, आरेखन असे विषय त्यात येतात. संगणकाच्या ओढीने आलेल्या मुलाचा पहिला हिरमोड बहुधा येथेच होतो. दुसऱ्या वर्षापासून डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हे विषय सुरू होतात.

त्यातील विचाराचा एक मासला पाहू. दहा लाख नावांची वर्णानुक्रमे लावलेली यादी आहे आणि तीत एक नाव शोधायचे आहे. पहिल्या नावापासून वाचत गेलो, तर दहा लाख नावे पाहावी लागतील. त्याऐवजी यादी मध्यावर उघडावी. हवे ते नाव अलीकडे की पलीकडे हे पाहून अर्धी यादी बाजूला सारावी आणि उरलेल्या अर्ध्या भागाचेही तसेच करावे. अशा रीतीने फार तर वीस वेळांत नाव हाती लागते. आपण शब्दकोश पाहताना नकळत हेच करतो. ही रीत अचूक मांडून यंत्राकडून करवून घेणे, हा या अभ्यासाचा गाभा आहे.

मग रात्र का सरते? एखादे चिन्ह गळले, तरी प्रोग्राम अडून बसतो. विणताना कुठे तरी एक टाका सुटावा आणि तो शोधण्यासाठी सारा स्वेटर पुन्हा न्याहाळावा लागावा, तसा हा प्रकार असतो. तीन तास खपूनही बाहेरून पाहणाऱ्याला काहीच झालेले दिसत नाही. तेव्हा पडद्याकडे टक लावून बसलेले प्रत्येक मूल वेळ दवडत असते, असे नव्हे.

शरीराचा हिशेब

तरीही शरीर आपला हिशेब मांडतेच. या वयात सात ते नऊ तासांची झोप आवश्यक असते. दिवसा शिकलेले स्मृतीत पक्के होण्याचे काम झोपेतच घडते. म्हणून जागून केलेला अभ्यास पुष्कळदा वाया जातो. चहा-कॉफीतील कॅफीन निम्म्यावर यायला सुमारे पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंमल पहाटे तीनलाही शिल्लक असतो.

पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप मंदावते आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहावे. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर पुस्तकांच्या चळतीवर उंच ठेवावा व कळफलक वेगळा जोडावा. अंगठा व त्याच्या शेजारच्या बोटांना मुंग्या येत असतील, त्यातही त्यांनी रात्री जाग येत असेल, तर तपासणी करून घ्यावी.

डोकेदुखीमागचे दुखणे

दुसऱ्या वर्षात शिकणारा एक तरुण डोकेदुखीसाठी आजीसमवेत आला होता. चष्म्याचा नंबर योग्य, रक्तदाब ठीक. झोप मात्र पहाटे चारच्या पुढे. आजी बाहेर जाऊन बसल्यावर तो बोलता झाला. दोन विषय राहिले होते आणि घरी कोणालाच ते ठाऊक नव्हते. शिक्षणासाठी वडिलांनी कर्ज काढलेले. सांगणार कोणत्या तोंडाने? त्याच्या संमतीने आजींना आत बोलावले. सारे ऐकून त्या म्हणाल्या, “एवढंच ना रे? तुझे आजोबा मॅट्रिकला दोनदा बसले होते.” त्या संध्याकाळी घरी बोलणे झाले. पुढील दोन महिन्यांत झोप सावरली आणि डोकेदुखीही ओसरली.

आपल्या पिढीत नापास होणे म्हणजे वर्ष बुडणे. आज एटीकेटीची सोय असते. ठरावीक मर्यादेपर्यंत विषय राहिले, तरी पुढील वर्गात जाता येते व ती परीक्षा पुन्हा देता येते. ज्येष्ठांना हे ठाऊक असेल, तर मुलाला लपवावे लागत नाही.

सगळेच मात्र आजींच्या एका वाक्याने निभावत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, जेवणावरील वासना उडणे, मित्र तोडणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसतो तर बरे’ अशी भाषा यांपैकी काही दिसल्यास थांबू नये. “जगणं नकोसं वाटतं का रे?” असे सरळ विचारावे; विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होकार आला, तर मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनाशुल्क असून अहोरात्र चालू असतो व तेथे मराठीतूनही बोलता येते.

न कळण्याचे मोल

“आम्हाला त्यातलं काय कळतंय?” असे ज्येष्ठ म्हणतात. न कळणे येथे उपयोगीच पडते. अँड्र्यू हंट व डेव्हिड थॉमस यांच्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या १९९९ सालच्या पुस्तकातून एक युक्ती प्रोग्रॅमर मंडळींत सर्वतोमुखी झाली. चूक सापडेनाशी झाली, की टेबलावर रबरी बदक ठेवावे आणि त्याला आपला प्रोग्राम ओळीओळीने समजावून सांगावा. बदक काही बोलत नाही. पण सांगता सांगता सांगणाऱ्यालाच आपली चूक उमगते.

बदकाहून आजी-आजोबा निश्चितच बरे. ते मध्येच “म्हणजे काय?” असे विचारू शकतात, सांगणाऱ्याचा चेहरा उतरलेला त्यांना दिसतो, आवाजातील थकवा त्यांना ऐकू येतो. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे राखून ठेवावीत. “गुण किती पडले?” असे न विचारता “आज कुठे अडलंस?” असे विचारावे. उत्तर कळले नाही तरी ते पूर्ण ऐकावे, मध्येच उपदेश करू नये. आणि श्रवणयंत्र कपाटात ठेवून दिले असेल, तर तेवढ्यापुरते तरी ते कानाला लावून बसावे.