काटकसरी डिस्क आणि चुकलेला निवाडा

१/८
१९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडाव्यात आणि एक निकामी झाली, तरी उरलेल्यांच्या आधारे तिच्यातील माहिती पुन्हा उभी करावी, हा त्याचा गाभा. ‘रेड’ ही संज्ञा तिथूनच रूढ झाली.

२/८
२००७ मध्ये वेस्टर्न डिजिटलने वीज वाचवणाऱ्या डिस्क आणल्या. पुढे ती मालिका ‘ग्रीन’ या नावाने ओळखली गेली. स्वस्त आणि मोठ्या क्षमतेच्या असल्याने त्या अनेकांच्या रेडमध्ये जाऊन बसल्या. तिथेच त्यांची बदनामी सुरू झाली.

३/८
त्यांची युक्ती साधी होती. फिरण्याचा वेग कमी ठेवायचा आणि आठ सेकंद काम आले नाही, तर हेड तबकडीवरून उचलून बाजूला ठेवायचे. घरच्या संगणकासाठी हे उत्तमच.

४/८
सर्व्हर मात्र थोड्या थोड्या वेळाने काहीतरी लिहीतच असतो. दर अर्ध्या मिनिटाला एक नोंद धरली, तर हेडची उचल-ठेव दिवसाला २,८८० वेळा होते. उत्पादकाने सांगितलेली ३ लाखांची मर्यादा अशाने साडेतीन महिन्यांतच गाठली जाते.

५/८
दुसरी अडचण स्वभावाची. खराब जागा आढळली की घरगुती डिस्क ती वाचण्यासाठी दीर्घकाळ झटत राहते. एकटीच असेल, तर हा गुणच. पण रेडचा कंट्रोलर काही सेकंदच वाट पाहतो आणि चालत्या डिस्कला मृत ठरवून बाहेर काढतो.

६/८
२०१४ मध्ये बॅकब्लेझ या साठवण कंपनीने आपला अनुभव जाहीर केला. ३ टीबीच्या ग्रीन आणि सीगेटच्या २ टीबीच्या ‘एलपी’ डिस्क तिच्याकडे कामाला लागताच चुका करू लागल्या. कंपनीचा संशय कंपनांवर आणि वारंवार थांबण्या-फिरण्यावर होता.

७/८
म्हणून ‘वीज वाचवणारी डिस्क बेभरवशाची’ हा निवाडा योग्य ठरत नाही. २००२ मध्येच कोलारेली आणि ग्रुनवाल्ड यांनी निष्क्रिय डिस्क झोपवून ठेवणाऱ्या साठवणव्यवस्थेची कल्पना मांडली होती. तिथे कोणती डिस्क केव्हा झोपेल, हे व्यवस्था ठरवते. ग्रीनमध्ये प्रत्येक डिस्क ते स्वतःपुरते ठरवत होती. दोष काटकसरीचा नव्हे, विसंवादाचा होता.

८/८
सारा दोष ग्राहकाच्या माथी मारणेही अन्यायाचे. ग्रीनच्या माहितीपत्रकात फिरण्याच्या वेगाच्या जागी ‘इंटेलिपॉवर’ एवढाच शब्द असे. २०१२ मध्ये खास घरगुती साठवण-यंत्रांसाठी ‘रेड’ नावाचीच मालिका आली. पण तिच्यातील काही डिस्क कौलांसारखे एकावर एक पट्टे चढवून लिहितात, हे ग्राहकांना २०२० मध्ये कळले. निकामी डिस्कच्या जागी नवी भरताना हीच पद्धत नडते. आज कुटुंबांची छायाचित्रे आणि संस्थांची दफ्तरे अशाच डिस्कच्या भरवशावर आहेत. डिस्क कोणत्या कामासाठी घडवली आणि कोणत्या कामासाठी नाही, हे खोक्यावर ठळक छापणे ही उत्पादकाची किमान जबाबदारी आहे.