लाज कोणाची, धंदा कोणाचा?

आमच्या चोपड्यात मुलगी पाहायला आलेल्या बायका रंग, शिक्षण, स्वयंपाक सगळं तोंडाने विचारतात. एक गोष्ट मात्र नुसत्या नजरेने मोजतात. मग निरोप येतो, ‘पोरगी फारच किरकोळ आहे.’ या बाबतीत हिंदू-मुसलमान असा भेद मला कधी दिसला नाही.

या नजरेवर तेल, चूर्ण आणि गोळ्यांचा धंदा चालतो. वास्तविक १९५४च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात कर्करोग, मधुमेहाच्या रांगेत स्त्रीच्या छातीचा आकार व बांधाही आहे. त्यावर इलाज असल्याची जाहिरात हा गुन्हा. पहिल्यांदाच सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिलं होतं. डिसेंबर १९५९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. तरी जाहिराती थांबलेल्या नाहीत, कारण लाजेपोटी तक्रार करायला कोणी जात नाही.

पाळी नियमित असेल, तब्येत ठीक असेल, तर लहान छाती हा आजार नाही. दुधाचाही आकाराशी संबंध नाही. आकार बहुतांशी चरबीचा असतो, दूध ग्रंथींमध्ये तयार होतं.

पण काही मुलींच्या बाबतीत खरोखर वैद्यकीय कारण असतं. तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. अंडाशयाचा किंवा संप्रेरकांचा दोष, कुपोषण, किंवा टर्नर सिंड्रोम असू शकतो. टर्नर सिंड्रोम साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला असतो आणि त्यात हृदय व मूत्रपिंडही तपासावं लागतं. पोलंड सिंड्रोममध्ये छातीच्या एका बाजूचा स्नायू जन्मतःच नसतो आणि त्या बाजूचा स्तन वाढत नाही. लंडनच्या आल्फ्रेड पोलंड यांनी १८४१मध्ये त्याची नोंद केली. क्वचित काही मुलींना स्तन आणि स्तनाग्र दोन्ही नसतात. यातलं काहीही तेल चोळून बरं होत नाही. संप्रेरकांचे उपचार आहेत, गरज वाटल्यास शस्त्रक्रियाही आहे.

काही मातांमध्ये दूधग्रंथीच कमी असतात. बाळाचं वजन वाढत नाही, आणि घरातले म्हणतात, ‘हिच्यातच खोट आहे.’ हे बोलणाऱ्या मुसलमान घरांना मी एवढंच आठवण करून देईन की आपल्या पैगंबरांना हलीमा दाईने दूध पाजलं. त्यात त्यांच्या आईची बेअब्रू झाली असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

म्हणून आयांना माझी विनंती आहे. मुलीला शंका असेल तर पुडीवाल्याकडे नेऊ नका. गावातल्या उपजिल्हा रुग्णालयात न्या, गरज पडली तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. महिला डॉक्टर हवी असेल तर तसं मोकळेपणाने सांगा. आणि सून शोधताना आपली नजरही थोडी आवरा.