आकड्याआधी पद्धत विचारावी

आवळ्याच्या रसाच्या बाटलीवर क जीवनसत्त्वाचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. रुग्ण ती बाटली घेऊन चिकित्सालयात येतात व आपले मत विचारतात. हा आकडा कोणत्या पद्धतीने काढला, याचा उल्लेख मात्र वेष्टनावर आमच्या पाहण्यात क्वचितच येतो. पद्धत न सांगता दिलेला आकडा वैद्याने प्रमाण मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोजणीची प्रचलित रीत साधी आहे. डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल हे निळे रंगद्रव्य एस्कॉर्बिक आम्लामुळे रंगहीन होते. आम्लयुक्त रसात ते थेंबाथेंबाने सोडतात आणि गुलाबी छटा टिकली की हिशेब मांडतात. आयोडीन व पिष्ट वापरूनही अशीच मोजणी होते. परंतु ही क्रिया एकट्या एस्कॉर्बिक आम्लाची नव्हे. रस टिकावा म्हणून घातलेले पोटॅशियम मेटाबायसल्फाइट दोन्ही पद्धतींत आकडा फुगवते. ॲसिटोन घालून त्याचा प्रभाव आधी रोखावा लागतो. आवळ्यातील कषाय द्रव्येही आयोडीन खर्च करतात. उलटपक्षी, डिहायड्रोएस्कॉर्बिक आम्ल शरीरास उपयोगी असूनही रंगद्रव्याच्या मोजणीत येत नाही. वरून मिसळलेले कृत्रिम एस्कॉर्बिक आम्ल मात्र फळातल्याप्रमाणेच मोजले जाते.

ताज्या फळाच्या आकड्यांतही एकवाक्यता नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व नोंदलेले आहे. त्याच संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांत ते सुमारे २५२ आहे. फळाची जात, पक्वता, हंगाम व मोजणीची पद्धत यांनुसार असा फरक पडू शकतो. त्यात उष्णता, हवा व साठवण यांमुळे बाटलीतील रसाचे जीवनसत्त्व घटत जाते. मग भरतेवेळचा आकडा सहा महिन्यांनी कितपत खरा?

आवळ्याची थोरवी ६०० या आकड्यावर उभी केली, तर २५२ वाचणारा रुग्ण औषधावर आणि वैद्यावरही अविश्वास दाखवील. चरकाचार्यांनी आमलकीस वयःस्थापन द्रव्यांत श्रेष्ठ म्हटले, ते मिलीग्रॅम मोजून नव्हे. रस, गुण, वीर्य, विपाक यांचा तो विचार आहे. म्हणून मोजणी टाकाऊ ठरत नाही. बाटलीतील रस नेमका कसा आहे हे पडताळण्याचे ते एक साधन आहे.

यास्तव आमच्या सूचना अशा. उत्पादकांनी वेष्टनावर परीक्षणाची पद्धत व दिनांक द्यावा, मिसळलेले एस्कॉर्बिक आम्ल स्वतंत्र दर्शवावे आणि वापरमुदतीच्या अखेरीस उरणारे प्रमाणही सांगावे. आयुर्वेद महाविद्यालयांच्या भैषज्यकल्पना विभागांनी बाजारातील नमुने तपासावेत. या परीक्षणास बाह्य प्रयोगशाळेची गरज नाही. शंका राहिल्यास एचपीएलसी पद्धतीने खातरजमा करावी. सभासद वैद्यांनी तोवर एवढे तरी करावे : रुग्णाने बाटली पुढे केली की आकड्याआधी पद्धत विचारावी, आणि हंगामात ताजा आवळा सुचवावा.