जाई नको, जास्मिन चालेल?

स्नानसंस्काराच्या तयारीसाठी येणाऱ्या आईबापांशी बोलताना एक प्रकार आमच्या वारंवार दृष्टीस पडतो आणि त्याविषयी या पानांतून एकदा स्पष्ट लिहावे असे आम्हांस वाटते. मुलीचे नाव 'डेझी' सांगितले तर कुणाची भुवई वर जात नाही. 'लिली', 'आयव्ही', 'व्हायोलेट' ही तर आपल्या घरांत रुळलेलीच नावे. 'जास्मिन' म्हटले की आजीबाईही कौतुकाने मान डोलावतात. पण एखाद्या तरुण आईने दबक्या आवाजात 'जाई' असा उच्चार केला, की सोबत आलेल्या मंडळींत चुळबुळ सुरू होते. "फादर, हे नाव आपल्यात चालतं का?" असा प्रश्न येतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असे स्पष्ट दिसते की फादरांनी 'नाही' म्हणावे, हीच त्याची अपेक्षा आहे.

आम्ही 'नाही' म्हणत नाही. का म्हणत नाही, ते येथे सांगतो.

मुळात या दोघी कोण ते आधी पाहू. जाई ही आपल्या मांडवावर आणि कुंपणावर चढणारी वेल. कळीला बाहेरून गुलाबी झाक, फूल पांढरे, सायंकाळनंतर उमलणारे. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला 'जास्मिनम ग्रँडिफ्लोरम' म्हणतात. फ्रान्समधील ग्रास या गावी अत्तरासाठी हिचीच लागवड झाली आणि युरोपात ती 'स्पॅनिश जास्मिन' या नावाने ओळखली जाते. म्हणजे जिला आपण घरात घेतो आणि जिला दारात उभी करतो, त्या दोघी एकच आहेत! 'जास्मिन' हा शब्द तरी ख्रिस्ती आहे काय? तो मूळचा फारसी, 'यास्मिन'. अरबीतून आणि पुढे फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला. मुसलमान बांधवांच्या घरी आजही मुलींना हेच नाव प्रेमाने ठेवले जाते. इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे पोहोचताच ते 'आपल्यातले' झाले. अमेरिकेत तर हे नाव आधीच लोकप्रिय होते; १९९२ साली 'अलादीन' हा चित्रपट आला आणि त्यातील राजकन्येमुळे ते घराघरांतील बालिकांच्या तोंडी बसले. ही राजकन्या अरबी कथेतल्या नगरीची, हे कुणाला आठवतही नाही.

'जाई' आली ती संस्कृत 'जाती' या शब्दापासून, प्राकृताच्या मार्गाने. आपल्या जायफळातला 'जाय' हाही त्याच 'जाती'चा अवशेष आहे. अमरकोशात सुमना, मालती आणि जाती ही एकाच फुलाची नावे दिली आहेत. आमच्या धर्मग्रामांत आजीच्या वयाच्या मालती आहेत, सुमन आहेत. त्या मिस्साला येतात, रोझरी म्हणतात आणि त्यांच्या श्रद्धेविषयी कुणी शंका घेतल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मग आजी मालती चालते आणि नात जाई चालत नाही, हा न्याय कोणता? साठ-सत्तरच्या दशकांत, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे वारे वाहू लागले तेव्हा, आपल्या समाजाने भारतीय नावे मोकळ्या मनाने स्वीकारली. त्यानंतर इंग्रजी शाळांचा काळ आला आणि पावले मागे वळली. नावांच्या बाबतीत आजीची पिढी नातीच्या पिढीपेक्षा पुढे होती, असे म्हणण्याची वेळ आली आहे.

डेझी, व्हायोलेट, आयव्ही ही नावे वेदीवरून आली, अशी कुणाची समजूत असेल तर तीही दूर व्हावी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये मुलींना फुलापानांची नावे देण्याची एक टूम निघाली. त्याआधी ही नावे तेथे क्वचितच आढळत. ती राज्यकर्त्यांबरोबर आपल्याकडे आली आणि शाळेतल्या मडमांची नावे म्हणून आपल्या कानांना गोड वाटू लागली. आज तीच गोष्ट 'ऑलिव्हिया'ची. ऑलिव्हच्या झाडाशी नाते सांगणारे हे नाव इंग्लंड-वेल्समध्ये २०१६पासून कित्येक वर्षे मुलींच्या नावांत पहिल्या क्रमांकावर राहिले. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधील श्रीमंत सरदारकन्येचे हे नाव. आपल्याकडेही ते आता ऐकू येते. येवो बापडे! आमचा त्याला विरोध नाही. विरोध आहे तो तागडीच्या दोन पारड्यांत दोन वेगवेगळी वजने टाकण्याला.

यावर जाणकार म्हणतील, बाप्तिस्म्याचे नाव संताचे असावे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण नाही काय? हा आक्षेप खरोखरच वजनदार आहे. ट्रेंट परिषदेनंतरच्या रोमन धर्मशिक्षणग्रंथाने तसा आग्रह धरला होता आणि १९१७च्या कायदेसंहितेनेही ख्रिस्ती नाव देण्याची काळजी घ्यायला धर्मगुरूंना बजावले होते. संताचे नाव म्हणजे बालकाला जन्मभराचा एक आदर्श आणि एक मध्यस्थ. ही प्रथा आम्हांलाही प्रिय आहे. परंतु १९८३च्या संहितेतील ८५५ वे कलम इतकेच सांगते, की ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव दिले जाऊ नये, याची दक्षता आईबाप, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावी. जाईच्या फुलात ख्रिस्ती भावनेशी विसंगत काय आहे, ते कुणी आम्हांला दाखवून द्यावे.

आणि संतांच्या नावाचाच आग्रह असेल, तर लिमाच्या संत रोझचे चरित्र वाचावे. १५८६ साली पेरू देशातील लिमा शहरी जन्मलेल्या या कन्येचे बाप्तिस्म्याचे नाव होते इसाबेल, आजीवरून ठेवलेले. तान्हेपणी तिचा चेहरा गुलाबासारखा दिसला म्हणून घरात तिला 'रोसा' म्हणू लागले. आजीला ते मानवले नाही. नावावरून घरात कुरबूर झाली, असे चरित्रकार सांगतात. (नावावरील घरगुती तंट्यांना केवढी जुनी परंपरा आहे पाहा!) पुढे आर्चबिशप तुरिबियुस, जे स्वतःही संतपदाला पोहोचले, त्यांनी दृढीकरणाच्या वेळी तिला रोसा हेच नाव दिले. मोठेपणी तिच्याच मनात शंका आली, की हे तर नुसते फुलाचे नाव. अखेर 'पवित्र मरियेची रोसा' असे म्हणवून घेऊन तिने ती मिटवली. १६७१ साली ती संत म्हणून घोषित झाली. अमेरिका खंडातील पहिली संत. आज रोझ हे 'संताचे नाव' आहे, ते एका मुलीने ते पवित्रपणे वागवले म्हणून. जाईला ती संधी नाकारणारे आपण कोण?

पवित्र शास्त्रही या बाबतीत आपल्याहून उदार आहे. एस्तेर राणीचे हिब्रू नाव हदास्सा, म्हणजे मर्टल हे सुगंधी झुडूप. तामार म्हणजे खजुराचे झाड. आणि ही तामार मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूच्या वंशावळीतच बसलेली आहे. सुझाना म्हणजे लिली. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राचा आवाज ओळखून आनंदाच्या भरात दार उघडायचेच विसरलेली ती दासी रोदा, तिच्या नावाचा ग्रीक अर्थ गुलाब. या आईबापांनी आपल्या अंगणातल्या, आपल्या भाषेतल्या झाडाफुलांची नावे लेकींना दिली. परक्या मुलखातील फुलाचे नाव शोधत ते फिरले नाहीत.

"पण ही फुले देवळात वाहतात ना?" वाहतात, आणि आपल्या वेदीवरही वाहतात. रोमन लोकांत गुलाब हे व्हीनस देवीचे फूल होते, आणि फुलांचे मुकुट हे मूर्तिपूजकांचे लक्षण म्हणून तेर्तुल्यनसारख्या प्राचीन ख्रिस्ती लेखकाने त्यांच्यावर कोरडे ओढले होते. तरीही पवित्र मरियेला आपण प्रार्थनामालेत 'गूढ गुलाब' म्हणतो, आणि 'रोझरी' या शब्दाचा मूळ अर्थच गुलाबांची बाग. फुलांचे सोडा, माणसांची नावे घ्या. मार्टिन हे नाव मार्स या युद्धदेवतेवरून आले, डेनिस हे मद्यदेव डायोनिससवरून, आणि शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांच्या नावाचा अर्थ 'इसिस देवीची देणगी'! हे मार्टिन आणि डेनिस आपल्या गावागावांत सुखाने नांदत आहेत. प्रत्यक्ष देवतांची नावे ज्यांना पचली, त्यांना एक वेल पचू नये?

धर्माचा आक्षेप असा एकेक करून गळून पडतो आणि मागे जे उरते ते आम्हांस अधिक दुःखद वाटते. ती आहे आपल्याच भाषेची लाज. वसईच्या पट्ट्यात कित्येक ख्रिस्ती कुटुंबांनी वाडीतल्या फुलांवर संसार उभे केले. उजाडण्यापूर्वी कळ्या खुडायच्या, टोपल्या भरायच्या आणि पहाटेची लोकल गाठून दादरचा फुलबाजार जवळ करायचा, या कष्टांवर मुले शिकली, घरे कौलारूची स्लॅबची झाली. अशाच एका घरी जाई नाव ठेवण्याची आईबापांची फार इच्छा होती. "फुलवाल्यांचं नाव कशाला? लोक हसतील," असे म्हणून वडीलधाऱ्यांनी ते मोडून काढले. जी फुले विकून त्यांनी मुलाला पदवीधर केले, ती फुले नातीच्या नावाला कमी पडली! नोंदवहीत 'जास्मिन' लागले. घरात आई तिला जाईच म्हणते, पण पाहुणे आले की आवाज खाली करते. लेकीला स्वतःच्या नावाने मोठ्याने हाक मारता येऊ नये, ही आम्हांस साधी गोष्ट वाटत नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हे तर जन्माने इंग्रज. १६१६ साली रायतूरला छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त मराठीची थोरवी सांगताना त्यांना फुलांमधील मोगरी आठवली. डेझी आणि व्हायोलेट त्यांच्या बालपणीच्या शिवारातली फुले. पण येथील लोकांशी बोलायचे तर येथले फूल हवे, हे त्या परदेशी धर्मगुरूला उमगले होते. त्यांच्या ग्रंथाचे गोडवे आपण दर व्यासपीठावर गातो आणि घरी येऊन पाळण्यावर 'आयव्ही' लिहितो.

परदेशी गेल्यावर अडचण होईल, अशी एक सबब हल्ली ऐकू येते. जाई हे दोन अक्षरांचे नाव आहे. कॅनडात वा आखातात ज्यांना आपली चार अक्षरी पोर्तुगीज आडनावे उच्चारता येतात, त्यांची जीभ एवढ्याने अडखळणार नाही. हे नाव आणि पुढे ते आडनाव विचित्र दिसते, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या पूर्वजांकडे पाहावे. सेबॅस्टियनचा बस्त्याव आणि डॉमिनिकचा दुमिंग त्यांनी बिनदिक्कत केला. परके नाव आपल्या जिभेला वळवताना त्यांना कुणाची परवानगी लागली नाही.

केवळ नवेपणाच्या हौसेने, अर्थ न पाहता पुस्तकातून नावे उचलणाऱ्या तरुण आईबापांचीही आम्ही पाठराखण करीत नाही. नावाचा अर्थ काय, हे मुलीला उद्या सांगता आले पाहिजे. तसेच पालक संत हवा असेल तर 'जाई मरिया' किंवा 'जाई रोझ' असे जोडनाव नोंदवहीत खुशाल लिहावे. त्या रकान्यात दोन नावांना पुरेशी जागा असते. नामदिनाची चौकशी करणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो: लिमाच्या संत रोझचा सण २३ ऑगस्टला येतो, आणि त्या दिवसांत आपल्या वाडीतली जाईही फुललेली असते.